विमानातला रेडिओ: खरखर किती ऐकायची?

होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि सोलापुरात घरोघरी विमानाच्या गप्पा सुरू झाल्या. तिकीट, वेळापत्रक, खिडकीची जागा, सगळ्यावर बोलून झालं. वैमानिक ज्यावरून टॉवरशी बोलतो त्या रेडिओबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि मला तर तो कॉकपिटमधला सगळ्यात सुरस भाग वाटतो.

गाण्यांचा एफएम पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. तिथून ११८पर्यंतची जागा दिशादर्शक यंत्रणांची, आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ वैमानिकांच्या बोलण्याची. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीचा गोलावा आड येतो. ढोबळ हिशेब असा: विमानाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४ने गुणा. येईल तितक्या किलोमीटरपर्यंत बोलणं पोचतं. सोलापूरच्या धावपट्टीवर उभ्या विमानाला पुण्याचा टॉवर ऐकू येणार नाही. तेच विमान ४९०० मीटरवर गेलं की २८० किलोमीटरचा टप्पा मिळतो आणि पुणे सहज आवाक्यात येतं. रेडिओ तोच, ताकद तीच.

टप्प्याच्या कडेला आलेला आवाज क्षीण असतो आणि पाठीमागे खरखर कायम चालू असते. तासन्‌तास ती कानात घेऊन बसणं कुणालाच सोसणार नाही. म्हणून रेडिओत स्क्वेल्च असतो: येणारा संकेत ठरावीक पातळीच्या वर गेला तरच स्पीकर उघडायचा, नाहीतर शांतता. ही पातळी फार वर ठेवली तर कान सुखावतात, पण दूरच्या विमानाची हाक आपल्यापर्यंत पोचतच नाही, आणि ती चुकली हे कळायलाही मार्ग नसतो. म्हणून पातळी हाताने ठरवायची असेल तर खरखर ऐकू येईपर्यंत नॉब उलटा फिरवायचा, मग ती जेमतेम थांबेल इतकाच पुढे न्यायचा. त्यापुढे एक रेसही नाही.

हीच खरखर आणखी एका कामाला येते. उड्डाणाआधी आवाज किती मोठा ठेवायचा हे ठरवताना फ्रिक्वेन्सीवर कुणी बोलत असेलच असं नाही. तेव्हा अनेक संचांत आवाजाचा नॉब दाबून किंवा ओढून स्क्वेल्च तात्पुरता उघडतात, खरखरीवर आवाज जुळवतात आणि पुन्हा बंद करतात.

हेडसेटमध्ये वैमानिकाला स्वतःचाही आवाज ऐकू येतो, त्याला साइडटोन म्हणतात. तो कमी असला की माणूस ओरडू लागतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये आपण नकळत आवाज चढवतो, ते याच कारणाने. ओरडण्याने माइकवर ताण येऊन शब्द फाटतात. साइडटोन जास्त असेल तर माणूस पुटपुटतो. माइक ओठांजवळ धरून नेहमीच्या आवाजात बोललेलं पलीकडे सगळ्यात स्पष्ट पोचतं.

फ्रिक्वेन्सी बदलण्यासाठी दोन खिडक्या असतात, अ‍ॅक्टिव्ह आणि स्टँडबाय. पुढची फ्रिक्वेन्सी स्टँडबायमध्ये लावायची, आकडे पुन्हा वाचायचे, मगच अदलाबदलीचं बटण दाबायचं. युरोपात वाहिन्यांमधलं अंतर २५ऐवजी ८.३३ किलोहर्ट्झवर आणलेलं आहे, त्यामुळे तिथे संच त्या रीतीवर असावा लागतो.

एफएमचा आवाज स्वच्छ असूनही विमानांनी जुनं एएमच धरून ठेवलं आहे, आणि त्यात मोठा शहाणपणा आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला पुरता गिळून टाकतो. एएमवर दोन्ही मिसळून कर्कश शिट्टी उमटते आणि कुणीतरी आडवं आलं हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बटण अडकून प्रक्षेपण चालूच राहिलं तर अख्खी फ्रिक्वेन्सी अडते. म्हणून बरेच संच साधारण अर्ध्या मिनिटानंतर ते आपोआप तोडतात.

दुसरा संच मोकळा असेल तर तो १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकत ठेवतात. त्याचाही स्क्वेल्च तपासून घ्यावा लागतो, कारण तिथे येणारी हाक दूरची आणि दुबळी असू शकते.