नायट्राइल रबर

ॲक्रिलोनायट्राइल आणि ब्युटाडाइन यांच्या संयोगातून बनणारे, खनिज तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर. एनबीआर किंवा बुना-एन या नावांनीही ते ओळखले जाते. १९३० च्या दशकात जर्मनीतील आय. जी. फार्बेन कंपनीने ते बाजारात आणले. ट्रॅक्टर, डिझेल इंजिन, जिनिंग-प्रेसिंगमधील हायड्रॉलिक प्रेस यांतील साध्या ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी) आणि ओ-रिंग (जोडात बसणारी गोल रबरी कडी) बहुधा याच रबराच्या असतात.

नैसर्गिक रबर आणि डिझेल दोन्ही हायड्रोकार्बन (कार्बन आणि हायड्रोजनची संयुगे) असल्याने ते रबर डिझेल शोषून फुगते, लिबलिबीत होते. जुनी ट्यूब कापून डिझेलच्या जोडाला वॉशर म्हणून लावले की ते टिकत नाही, ते यामुळेच. ॲक्रिलोनायट्राइलमधील नायट्राइल गट मात्र ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांच्यात विद्युतभार असमान वाटलेला असतो. तेल त्यांच्यात सहजी शिरत नाही. ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण साधारण १८ ते ५० टक्के ठेवतात. ते वाढवले की तेलरोध वाढतो, पण थंडीत रबर ताठरते. विदर्भात या दुसऱ्या गोष्टीची फारशी चिंता नाही.

चिंता आहे ती उष्णतेची आणि उन्हाची. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या वर सतत राहिल्यास हे रबर कडक होऊन तडकते. तिथे हायड्रोजनीकृत नायट्राइल किंवा फ्लुओरोरबर लागते. ब्युटाडाइनमधील द्विबंधांमुळे ओझोन व ऊन त्याला सोसत नाही. दुकानाच्या दारात तारेला लटकवलेल्या ओ-रिंग ताणावर असतात, म्हणून त्यांना भेगा लवकर पडतात. त्या सावलीत, पाकिटात ठेवाव्यात. ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल आणि ॲसिटोन यांच्याशीही या रबराचे जमत नाही.

भंडारा-गोंदियाकडे रोवणीआधी चिखलणी करताना ट्रॅक्टरचे एक्सल चिखलात बुडते. तिथे सील तेलाने नव्हे, मातीने जाते. सीलच्या ओठाखाली, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या कडेखाली, अडकलेले कण रबर तर झिजवतातच, पण पोलादी शाफ्टवरही गोल चर पाडतात. सील बदलताना शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर नवी सीलही गळणार. अशा वेळी सील थोडी पुढे-मागे बसवतात किंवा शाफ्टवर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवतात. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी आणि ओठाला आधी ग्रीस; कोरडी बसवलेली सील पहिल्या फेऱ्यांतच जळू शकते.