बास्टेट आणि रा देवाचा बोका: साप नेमका कोणी मारला?

इजिप्तच्या पुराणकथांवर बेतलेल्या, मांजरेच नायक असलेल्या बालसाहसकथांत एक चूक इतक्या वेळा छापली गेली आहे की ती आता चूक वाटेनाशी झाली आहे. काळोखातून अपेप हा महासर्प सूर्याची नौका अडवायला येतो आणि मांजरमुखी बास्टेट झेप घेऊन त्याचा गळा चिरते. प्रसंग झकास आहे, पण नाव चुकले आहे.

बास्टेट बहुतेकांच्या परिचयाची आहे: रा या सूर्यदेवाची कन्या, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बुबास्टिस नगरीची देवता, हातात सिस्ट्रम नावाचे खुळखुळणारे वाद्य आणि कधी पायाशी पिल्ले. सिंहमुखी सेखमेटशी होणारी तिची गल्लत मी मनावर घेत नाही, कारण खुद्द प्राचीन इजिप्तमध्येही या दोघींची नावे जोडीने घेतली जात.

खरा घोटाळा आहे तो सुरीने सापाला मारणाऱ्या मांजराचा. ‘मृतांचे पुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंत्रसंग्रहाच्या 17व्या प्रकरणात मृत व्यक्ती सांगते की, हेलिओपोलिस या नगरीतला इशेद नावाचा पवित्र वृक्ष ज्याच्या शेजारी दुभंगला ते महामांजर मीच आहे. त्याच मजकुरात लगेच प्रश्न येतो, हे मांजर कोण? उत्तरही तिथेच आहे: तो प्रत्यक्ष रा आहे. मूळ शब्द पुल्लिंगी आहे, म्हणजे हा बोका झाला. प्राचीन भाष्यकाराने स्वतःच प्रश्न विचारून उत्तर देऊन ठेवले असताना आपण तिसरेच नाव का घुसवावे, हे मला आजवर समजलेले नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, बास्टेटलाही ‘रा देवाचा डोळा’ म्हणत आणि हा डोळा शत्रूंचा संहार करतो. आक्षेप खोटा नाही, पण फरक नेमका इथेच आहे. डोळा ही रा देवापासून निघालेली, त्याने पाठवलेली शक्ती असते. ती दूर जाऊ शकते, रुसू शकते, तिला समजावून परत आणावे लागते. बोक्याला कोणी पाठवलेले नाही, कारण ते रा देवाचेच रूप आहे. म्हणून बास्टेटला देऊळ, उत्सव, भक्त आणि नातीगोती आहेत. या बोक्याची मात्र स्वतःची नगरी नाही की जत्रा नाही, केवळ एक कृत्य आहे.

काळाचाही मेळ बसत नाही. ब्रिटिश म्युझियममधील हुनेफर या लेखनिकाच्या पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या गुंडाळीवर) सापावर सुरी चालवणारे मांजर आहे आणि तो पपायरस इ.स.पू. 13व्या शतकातला आहे. बास्टेट मात्र मांजराच्या मुखाने सर्रास दिसू लागते ती इ.स.पू. पहिल्या सहस्रकात, त्याआधी तिला बहुधा सिंहिणीचेच तोंड असे. लक्सरच्या पश्चिम तीरावर देर अल-मदिना येथे इनहेरखाऊच्या थडग्यात हाच प्रसंग रंगवला आहे: पंजात सुरी, मागे झाड आणि बोक्याचे कान इतके लांब की पहिल्या नजरेत तो ससाच वाटावा. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरची गुळगुळीत काळी मांजर नंतरच्या कांस्यमूर्तींवरून आली आहे. तिच्या पंजात सुरी देऊ नये.

माझी दुसरी तक्रार शेवटाबद्दल आहे. शेवटच्या प्रकरणात अपेपला कायमचे मारून टाकणारा लेखक कथेचा कणाच मोडतो, कारण अपेप रोज हरतो आणि रोज परततो. सूर्योदय हा दर वेळी नव्याने मिळवावा लागतो. बास्टेटसाठी वेगळे प्रकरण लिहायचे असेल, तर ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने बुबास्टिसच्या उत्सवाचे केलेले वर्णन हाताशी आहे: होड्यांतून निघालेले स्त्रीपुरुष, बासऱ्या, टाळ्या, काठावरच्या गावांतल्या बायकांची थट्टा आणि द्राक्षमद्याचा महापूर. बालवाङ्मयात मद्य गाळावे लागेल, पण होड्या आणि थट्टा खुशाल ठेवाव्यात.