डिस्क मिररिंग आणि बूट पार्टिशन (लिनक्स)

एकच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहीत जाण्याच्या पद्धतीला डिस्क मिररिंग किंवा रेड-१ म्हणतात. 'रेड' हे नाव बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८च्या निबंधामुळे रूढ झाले. मिररिंग मात्र त्याहून जुने. लिनक्समध्ये हे काम कर्नेलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) एमडी हा भाग करतो आणि 'एमडीएडीएम' या आज्ञेने ते चालवले जाते.

ग्रामीण विदर्भात अशी जोडी सहसा एखाद्या सेकंडहँड वर्कस्टेशनमध्ये दिसते: जिनिंगच्या वजनकाट्यावर, सेवा केंद्रात, नाहीतर तालुक्याच्या कॉलेजात. हंगामात काट्याबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, पहिली डिस्क जाते आणि पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा संदेश येतो. दुसऱ्या डिस्कवर सगळ्या पावत्या शाबूत असतात, पण मशीन उठत नाही.

याचे कारण बूटच्या क्रमात आहे. मशीन सुरू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डवरच्या यूईएफआय फर्मवेअरला एमडी कळत नाही. त्याला फक्त फॅट या साध्या फाइल-स्वरूपातले ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली असलेला डिस्कचा छोटा भाग) वाचता येते, आणि इन्स्टॉलर ते बहुधा एकाच डिस्कवर करतो. तेही मिररमध्ये घ्यायचे तर मेटाडेटा (एमडीने डिस्कवर ठेवलेली मिररची नोंद) १.० प्रकारचा निवडावा लागतो, कारण तो पार्टिशनच्या शेवटी बसतो आणि प्रत्येक अर्धा भाग साध्या फॅटसारखाच दिसतो. नेहमीचा १.२ सुरुवातीपासून ४ केबीवर बसतो. तिथे फर्मवेअर अडते. दोन्ही डिस्कवर वेगळी ईएफआय पार्टिशन ठेवणे त्याहून बरे, कारण फर्मवेअरने एका भागावर काही लिहिले तर मिररला पत्ता लागत नाही. मात्र एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये) त्यांच्या ओळींना 'नोफेल', म्हणजे पार्टिशन नसले तरी पुढे जा, हा पर्याय हवा. नाहीतर गेलेल्या डिस्कची वाट पाहून सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये थांबते. यूईएफआयच्या आधीच्या बायोस फर्मवेअरच्या मशीनवर जीपीटी (पार्टिशनची नवी मांडणी) असेल तर दोन्ही डिस्कवर साधारण १ एमबीचे बायोस-बूट पार्टिशन ठेवून ग्रब हा लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅमही दोन्हींवर टाकावा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर फर्मवेअरमधली साटा (डिस्कच्या जोडणीची) सेटिंग बहुतेक वेळा 'रेड'वर असते. ती 'एएचसीआय' करावी.

वारंवार लाइन जाणाऱ्या गावात राइट-इंटेंट बिटमॅप (डिस्कच्या कोणत्या भागात लिहिणे चालू आहे याची एमडीने ठेवलेली नोंद) चालू ठेवावा, म्हणजे लाइन आल्यावर अख्खी डिस्क नव्याने जुळवत बसावे लागत नाही. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हीकडून जाते, त्यामुळे बॅकअप वेगळा लागतोच.

जोडणी झाल्यावर मशीन बंद करून एका डिस्कची केबल काढावी आणि सुरू करून पाहावे. ही चाचणी कंटाळ्यापायी राहून जाते. दुसऱ्या डिस्कची पाळी घेण्याआधी पहिली परत मिररमध्ये जोडून एमडीस्टॅट या स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये [यू_] (एक डिस्क नाही) चे [यूयू] (दोन्ही चालू) होईपर्यंत थांबावे. बिटमॅप नसेल तर मोठ्या डिस्कला काही तास लागतात. लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे बूटगणिक बदलू शकतात, म्हणून प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर तिच्या खोबणीवर मार्करने लिहून ठेवतात. चालू डिस्कच उपसली गेल्याचे प्रकार याच घोळातून होतात.