गीझर: एका झऱ्याचं विशेषनाम न्हाणीघरापर्यंत कसं आलं

‘गीझर’ हे मुळात एकाच झऱ्याचं नाव. आइसलँडच्या नैर्ऋत्येला हाउकादालुर खोऱ्यात ‘गेसिर’ नावाचा गरम पाण्याचा झरा आहे. ‘गेसा’ म्हणजे उसळणे, त्यावरून उसळणारा तो गेसिर. हे नाव सतराव्या शतकापासून लेखी सापडतं. 1772 मध्ये ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांच्या मोहिमेने तो पाहिला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत अशा प्रत्येक झऱ्याला तेच नाव पडलं. आइसलँडमध्ये मात्र गेसिर एकच. बाकीच्यांना ‘गोसक्वेर’, म्हणजे उसळी मारणारा झरा, म्हणतात.

उसळीचं कारण जमिनीखालच्या नळीत आहे. पाण्याखाली 10 मीटर खोलीवर दाब जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे तिथलं पाणी सुमारे 120 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तळाशी वाफ धरली की वरचं थोडं पाणी बाहेर सांडतं, दाब घटतो आणि खालचं अतितप्त पाणी एकदम वाफ होऊन सगळा स्तंभ वर फेकतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी 1846 मध्ये गेसिरच्या नळीतलं तापमान निरनिराळ्या खोलीवर मोजून हीच उपपत्ती मांडली.

ही रचना फार नाजूक असते. पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूत असतं तेच खनिज) काठावर साचून कुंडाची कड उंचावते, पाण्याचा पृष्ठभाग वाढतो, तो थंड पडतो आणि उसळी थांबते. गेसिर असाच थंडावला होता. 1935 मध्ये कड फोडून चर खणला, पातळी उतरली आणि तो पुन्हा उसळू लागला. पुढे चर बुजला. तेव्हा साबण टाकून उसळी काढत. 2000 च्या भूकंपांनी त्याला काही वर्षं पुन्हा जाग आणली. आज दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो तो शेजारचा स्ट्रोकुर. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याची कुंडं गरम असली तरी त्यांचं पाणी उकळीच्या खालीच राहतं, म्हणून ती गीझर नव्हेत.

1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी वाहतं पाणी गॅसवर तत्काळ तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला ‘गीझर’ नाव दिलं. त्यात धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. तो धोका आजही आहे: बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालला की प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर बसवून नळाने पाणी आत घेणंच योग्य.