कधी घडला आणि कधी बसला: जुन्या पिकअपच्या सुट्या भागांचे मूळ शोधताना

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका परिचितांची शेड आहे आणि तिच्यात गेल्या पावसाळ्यापासून एक शेवरोले पिकअप उभी आहे. आरसी बुकात तिचे साल 1949 लिहिलेले आहे. लोखंडी हौदा, उजवीकडचे सुकाणू, समोर पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. लांबून पाहणाऱ्याला त्या सालाविषयी शंका यावी असे काहीच नाही. जवळ गेल्यावर मात्र शंका येऊ लागतात. एक दरवाजा दुसऱ्यापेक्षा किंचित जाड वाटतो, डायनामोच्या पट्टीला मेट्रिक बोल्ट आहेत, मागचा दिवा उघडच नंतरचा आहे. या गाडीत 1949 चे नेमके काय उरले आहे, असा परिचितांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना लक्षात येते की प्रत्येक सुट्या भागाला दोन जन्मतारखा असतात. एक तो कारखान्यात घडला तेव्हाची, दुसरी तो या गाडीवर बसला तेव्हाची. पहिली तारीख बहुधा भागावरच कोरलेली किंवा उठवलेली असते. दुसरी कुठेही लिहिलेली नसते आणि ती ओळखण्यासाठी रंग, गंज व आटे यांच्याकडे वळावे लागते.

आपल्याकडे भागांची अदलाबदल इतकी का झाली, हे आधी सांगायला हवे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. परदेशातून सुट्या स्वरूपात आलेल्या शेवरोले गाड्या तेथे जोडल्या जात. पुढे देशात उत्पादनाची योजना नसलेल्या जुळणी कंपन्यांना सरकारी धोरणात जागा उरली नाही आणि 1954 मध्ये हा कारखाना बंद झाला. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. मूळ सुटे भाग दुर्मिळ झाल्यावर मिस्त्री मंडळींनी भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचा भाग काढून बसवला, जीपचा भाग कापून-घासून जुळवला किंवा लेथवर नवाच करून घेतला. त्यामुळे परका भाग दिसला की फसवणूकच झाली असे मानणे मला अन्यायाचे वाटते; त्या भागामुळेच कित्येक गाड्या जिवंत राहिल्या. तरीही मूळ कोणते आणि बदललेले कोणते, हे कळणे आता व्यवहारातही आवश्यक झाले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापर नसलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी त्यासाठी अट आहे.

तपास नेहमी आकारापासून सुरू करावा, कारण आकार बदलायला कारखान्याला महागडे साचे बदलावे लागतात आणि म्हणून आकारातले बदल ठरावीक वर्षांनाच होतात. शेवरोलेच्या या पिढीचे पिकअप 1947 ते 1955 या काळात तयार झाले. त्यांची इंधनाची टाकी 1949 पासून केबिनच्या आत, आसनामागे आली. समोरची काच 1953 पर्यंत दोन तुकड्यांची होती आणि 1954 मध्ये ती अखंड झाली. आपल्या गाडीत टाकी आत आहे आणि काच दोन तुकड्यांची आहे, म्हणजे केबिन 1949 ते 1953 या काळातली. आरसी बुकाशी हे जुळते. डावा दरवाजाही जुळतो. उजव्या दरवाजाला मात्र पुढच्या कोपऱ्यात फिरणारी छोटी त्रिकोणी काच आहे, आणि ती सोय या गाड्यांना 1951 मध्ये मिळाली. त्या दरवाजाची मूठ खाली दाबून उघडण्याची आहे. 1952 पासून बटणाची मूठ आली. त्रिकोणी काच आहे आणि बटण नाही, अशी जोडी फक्त 1951 च्या दरवाजाला लागू पडते. अर्थात मूठ नंतर बदललेली असू शकते, म्हणून अस्तर काढून पत्र्याला आतून जुनी भोके बुजवल्याच्या खुणा नाहीत ना, हे पाहावे लागले. तशा खुणा नव्हत्या.

इंजिनाची गोष्ट अधिक रंजक आहे. बिडाचे ओतकाम करताना साच्यात लहान अक्षरे बसवलेली असतात आणि ती ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, उठून येतात. जनरल मोटर्सच्या पद्धतीत महिन्यासाठी ए ते एल ही बारा अक्षरे, त्यापुढे दिनांक आणि शेवटी सालाचा फक्त अखेरचा अंक असतो. आमच्या ब्लॉकवर ‘के 9 2’ असे आहे. के हे अकरावे अक्षर, म्हणून 9 नोव्हेंबर. साल 1942, 1952 किंवा 1962. दशक कोणते, हे त्या तारखेवरून कधीच कळत नाही. ते ठरते शेजारच्या लांब ओतीव क्रमांकावरून, कारण तो क्रमांक आराखड्याचा असतो आणि प्रत्येक आराखडा ठरावीक वर्षांतच वापरात होता. फोर्डच्या भागांवर हेच काम अधिक सोपे होते, कारण तेथे पहिले अक्षर दशकाचे असते (बी म्हणजे पन्नाशीचे, सी म्हणजे साठीचे दशक), त्यानंतर सालाचा अंक, मग वाहनप्रकाराचे आणि शेवटी भागाच्या गटाचे अक्षर येते. ‘सी4टीई’ वाचले की 1964 मध्ये ट्रकसाठी आखलेला इंजिनाचा भाग, एवढे कळते. मात्र फोर्डच्या महिन्यांच्या अक्षरांत ‘आय’ गाळलेले असते, त्यामुळे दोन्ही कंपन्यांचा हिशोब एकाच तक्त्यावरून केला तर ऑगस्टनंतरचा प्रत्येक महिना चुकतो.

आमचा ब्लॉक 1952 चा निघाला. या पुराव्याचा तर्क एकतर्फी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. गाडी जोडल्यानंतर ओतलेला भाग तिचा मूळ भाग असूच शकत नाही. परंतु गाडी जोडण्याआधी ओतलेला भाग मूळचाच असेल असेही नाही. शिवाय अमेरिकेतील हौशी मंडळी ओतकाम आणि जुळणी यांत जे थोडेसे अंतर गृहीत धरतात, ते आपल्याकडे धरून चालत नाही. पेट्यांत बांधलेला भाग बोटीने येणार, गोदीत व गोदामात थांबणार आणि मग शिवडीला जोडला जाणार, म्हणजे अंतर वाढणारच. आमच्या बाबतीत मात्र उलटेच आहे. इंजिन जातीने योग्य, सहा सिलिंडरांचे, त्याच कंपनीचे. पण गाडीहून तीन वर्षांनी लहान. दरवाजा 1951 चा आणि इंजिन 1952 च्या नोव्हेंबरातले, तेव्हा हे दोन्ही एकाच भंगार गाडीतून आले असण्याची शक्यता कमी. या एका पिकअपमध्ये बहुधा किमान तीन गाड्या आहेत.

आता आटे. बोल्टच्या आट्यांइतका प्रामाणिक आणि दुर्लक्षित पुरावा दुसरा नाही, असे माझे मत आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांचे जे प्रमाण सुचवले, त्यात आट्याच्या दोन बाजूंमधला कोन 55 अंशांचा होता. अमेरिकेने 60 अंश धरला. मेट्रिक आट्यांचा कोनही 60 अंशांचाच, पण त्यांचे माप मिलिमीटरमध्ये. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 1948 मध्ये एकत्रित प्रमाण मान्य केले, तेही 60 अंशांचे. गॅरेजमध्ये गोंधळ होतो तो आकार जवळजवळ सारखे असल्यामुळे. 5/16 इंची बोल्ट 7.94 मिलिमीटरचा आणि मेट्रिक 8 मिलिमीटरचा. डोळ्यांना फरक दिसत नाही आणि हात जोर लावतो. परंतु अमेरिकी जाड आट्याच्या 5/16 बोल्टवर इंचात 18 आटे असतात, तर सर्वसाधारण 8 मिलिमीटरच्या बोल्टवर दर 1.25 मिलिमीटरला एक आटा. दहा आट्यांची लांबी मोजली तर पहिल्यात ती 14.1 मिलिमीटर भरते आणि दुसऱ्यात 12.5. साधी व्हर्नियर पट्टी पुरे. व्हिटवर्थ आणि अमेरिकी जाड आटे मात्र मोजूनही फसवतात, कारण बहुतेक मापांत त्यांची दर इंची संख्या सारखीच असते. अर्ध्या इंचाच्या बोल्टवर तेवढी ती 12 आणि 13 अशी वेगळी पडते. इतर ठिकाणी पिच गेजचे, म्हणजे आटे तपासायच्या हत्याराचे, दातेरी पाते आट्यात धरून पाठीमागून उजेड पाहावा लागतो. कोन चुकला असेल तर बारीक फट दिसते.

यात एक बारकावा आहे. बोल्ट पाच रुपयांत बदलतो, त्यामुळे बोल्ट पाहून भागाविषयी निष्कर्ष काढू नये. पाहायचे ते बोल्ट ज्यात बसतो त्या भोकातले आटे. आमच्या डायनामोच्या पट्टीला 10 मिलिमीटरचे बोल्ट होते आणि त्यांच्या डोक्यावर 8.8 हा आकडा होता, जो मेट्रिक बोल्टची ताकद सांगतो (तन्यता सुमारे 800 मेगापास्कल आणि त्याच्या आठ दशांश ताणाला कायमचे लांबणे सुरू). अमेरिकी बोल्टवर आकड्याऐवजी रेषा असतात. तीन रेषा म्हणजे पाचवी प्रत, सहा म्हणजे आठवी. ब्लॉकची तीन भोके 3/8 इंची अमेरिकी आट्यांची निघाली आणि डायनामोच्या बाजूची फक्त दोन टॅप मारून, म्हणजे नवे आटे पाडून, 10 मिलिमीटरची केलेली होती. म्हणजे ब्लॉक अमेरिकी घडणीचाच आहे आणि डायनामो पुढे कधीतरी मेट्रिक हत्यारे असलेल्या कुणीतरी बसवला आहे. भारतात मेट्रिक मापे 1956 च्या कायद्याने आली आणि टप्प्याटप्प्याने 1962 पर्यंत रुळली, हे येथे उपयोगी पडते.

चाकांबाबत थोडक्यात सांगतो. या शेवरोलेच्या चाकाला सहा बोल्ट 139.7 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. जीपच्या चाकाला तेच वर्तुळ, पण बोल्ट पाच. पाच बोल्टांत समोरासमोरची जोडी नसल्याने व्यास थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन बोल्टांमधले अंतर 0.588 ने भागावे. ते अंतर 82.1 मिलिमीटर भरले तर चाक जीपच्या वळणाचे. आमची चारही चाके सहा बोल्टांची आहेत.

दुसरी तारीख, म्हणजे भाग कधी बसला ती, रंगातून सापडते. पत्र्यावरचे रंगाचे थर क्रमाने बसलेले असतात आणि तो क्रम कुणी मागाहून बदलू शकत नाही. प्रयोगशाळेत रंगाचा कण राळेत बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा छेद पाहतात. गॅरेजमध्ये पाणी लावून पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा उतरती घासली की थरांची वर्तुळे एकात एक उमटतात. (जुन्या रंगांत शिसे असते; कोरडे घासू नये आणि मास्क लावावा.) केबिनच्या आत, डॅशबोर्डखाली घासल्यावर आतून बाहेर असा क्रम मिळाला: प्रायमर, गडद हिरवा, निळा, पांढरा. त्या काळच्या शेवरोले ट्रकचा ठरलेला रंग गडद हिरवाच होता. उजव्या दरवाजावर क्रम होता प्रायमर, काळा, मग निळा आणि पांढरा. बाहेरून आत मोजत गेले की दोन थर दोघांचे सारखे आहेत आणि तिसऱ्यापाशी वाटा फुटतात. याचा अर्थ दरवाजा गाडीला निळा रंग लागण्याआधी किंवा लागताना बसला. तो निळा थर थिनरच्या बोळ्याने विरघळला, म्हणजे तो नायट्रोसेल्युलोजचा, जुन्या पद्धतीचा रंग. पांढऱ्याला थिनरने काही झाले नाही, कारण दोन घटक मिसळून लावायचे अलीकडचे रंग एकदा घट्ट झाले की विरघळत नाहीत. दरवाजा जाड वाटत होता त्याचे कारणही येथेच मिळाले: खालच्या कडेला लोहचुंबक धरतच नव्हता, कारण तेथे पत्र्यावर पुट्टीचा जाड लेप होता.

ठाण्याच्या खाडीकाठी गंजाचा पुरावाही भरपूर मिळतो. लोखंडाचे गंजणे हवेतील आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की झपाट्याने वाढते, आणि हवेतले मीठ पत्र्यावर पाणी धरून ठेवते म्हणून ते आणखी वाढते. एकाच गाडीवर पन्नास वर्षे काढलेले दोन दरवाजे सारखेच कुजायला हवेत. वॉशरखाली जपून राहिलेला गोल ठसा पाहावा. वॉशर लहान आणि ठसा मोठा, असे असेल तर आधी तेथे वेगळा बोल्ट होता.

छापील मजकुराची मला विशेष गंमत वाटते, कारण येथे धातुशास्त्र संपते आणि टपालखाते कामाला येते. मागच्या दिव्याच्या तळपट्टीवर कंपनीच्या पत्त्यात सहा अंकी पिनकोड आहे, आणि पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. आयएसआयचे चिन्ह दिसले तर भाग 1955 नंतरचा. ‘पश्चिम जर्मनी’ असे लिहिलेला मापकाचा काटा 1949 ते 1990 च्या दरम्यानचा. पत्त्यात ‘बॉम्बे’ऐवजी ‘मुंबई’ असेल तर 1995 च्या अलीकडचा.

राहिला चेसिसचा क्रमांक. आरटीओत कागद ठेवून पेन्सिलीने त्याचा ठसा घेतात, तेव्हा दिसतो फक्त वरचा खड्डा. पोलादावर ठसा मारताना खड्ड्याच्या तळाखालील स्फटिकही दाबले जातात आणि ताणलेले राहतात. वरचा अंक कानशीने घासून काढला तरी तो ताण खाली शिल्लक असतो. तेथे कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण लावले की ताणलेला भाग इतर भागाहून वेगळ्या गतीने खाल्ला जातो आणि गेलेला अंक काही वेळ पुन्हा दिसतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच करतात. घरी करण्याचा हा उद्योग नव्हे. आमच्या गाडीवर त्याची गरज पडली नाही. केबिनवर रिव्हेटने बसवलेल्या क्रमांकाच्या पट्टीवरचा बुरशीसारखा गंज ब्रशने झाडल्यावर अंक स्वच्छ आले आणि आरसी बुकाशी जुळले, आणि पट्टीचे रिव्हेटही गडद हिरव्या रंगाखालीच सापडले, म्हणजे ती पट्टी केबिनला पहिला रंग लागण्याआधीच तेथे होती.