रेंज नसणे आणि नेट न चालणे: ट्रेलर घेऊन निघण्यापूर्वी समजून घ्यायचा फरक

सोलापुरातून जीपमागे ट्रेलर जोडून किंवा दिंडीसाठी ताडपत्री टाकलेली ट्रॉली घेऊन जी मंडळी आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेर पडतात, ती परत आल्यावर एकच वाक्य बोलतात: "तिकडे रेंजच नव्हती." थोडे खोदून विचारले की निम्म्या वेळा असे निघते की फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या होत्या, फक्त नेट चालत नव्हते. म्हणजे रेंज होती, कमतरता दुसऱ्याच गोष्टीची होती. या दोन वेगळ्या दुखण्यांना आपण एकच नाव दिले आहे, त्यामुळे औषधही चुकते: जिथे अँटेना उंच करायला हवा होता तिथे जास्तीचा डेटा विकत घेतला जातो, आणि जिथे फक्त दुसऱ्या कंपनीचे सिम पुरले असते तिथे काही हजारांचे यंत्र आणले जाते. हे पैसे वाया जाताना मी इतक्या वेळा पाहिले आहे की हा फरक एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

रिचार्जबद्दल मी फार बोलणार नाही, कारण रोजचा दीड जीबी, दोन जीबी आणि वैधतेचे दिवस हा हिशेब आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतो. दोनच गोष्टी सांगतो. रोजचा कोटा संपला की बहुतेक कंपन्यांत वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि नेट बंद पडल्यासारखे वाटते, म्हणून कोणतीही शंका घेण्यापूर्वी कंपनीच्या ॲपमध्ये शिल्लक पाहावी. दुसरी गोष्ट 'डेटा बूस्टर' या नावाची. त्या पॅकने फक्त जीबी वाढतात, मूळ प्लॅनची वैधता वाढत नाही आणि रेंज तर मुळीच वाढत नाही. कंपन्यांनी हे नाव वापरू नये असे माझे ठाम मत आहे, कारण 'बूस्टर' हा शब्द वाचून माळरानावर उभे राहून तो पॅक मारणारी माणसे मी पाहिली आहेत.

आता मुख्य मुद्दा. रेंज म्हणजे टॉवरकडून निघालेली लहर तुमच्या फोनपर्यंत किती जोराने पोहोचते ते. हे मुख्यतः अंतर, मधला अडथळा आणि लहरीची वारंवारता यांवर अवलंबून असते. ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर दूर जाते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते, तर ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची ५जीची लहर वेग भरपूर देते पण लवकर दमते. फोनवरच्या दांड्या हे या जोराचे फार ढोबळ माप आहे, कारण किती जोराला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन-उत्पादक आपल्या मर्जीने ठरवतो. खरे माप डीबीएममध्ये असते आणि ते अँड्रॉइड फोनवर सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'मध्ये, सिमच्या स्थितीच्या पानावर दिसते. हा आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे काम भागण्याजोगे, आणि उणे ११५ च्या खाली गेले की तुटातुट सुरू होते. यात दहाचा फरक म्हणजे दहापट फरक असतो हे लक्षात ठेवले, तर दोन-चार अंकांसाठी चाललेली धडपडही व्यर्थ वाटत नाही, कारण तीन अंकांनी जोर दुप्पट होतो.

नेट चालणे ही याच्या पुढची पायरी आहे. टॉवरवरच्या एका दिशेच्या अँटेनाकडे ठरावीक रुंदीचा पट्टा असतो आणि त्या दिशेला असलेले सगळे फोन तो वाटून घेतात. दहा फोन असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर येते, दहा हजार असतील तर जवळजवळ काहीच येत नाही, आणि तरीही त्या प्रत्येक फोनवर दांड्या पूर्णच दिसतात, कारण लहर तर जोरातच पोहोचत असते. पाण्याच्या टाकीपासून घरापर्यंतचा नळ आणि एकाच नळावर लागलेल्या घागरींची रांग यांत जो फरक, तोच हा. नळ घरापर्यंत आलेला नसणे वेगळे आणि रांगेत आपला नंबर न येणे वेगळे.

मला हा फरक पंढरपुरात आषाढीला कळला. चंद्रभागेकाठच्या ६५ एकरांत आमच्या दिंडीची राहुटी लागली होती आणि आमची ट्रॉली तिच्या मागे उभी होती. दशमीच्या संध्याकाळी शेजारच्या दिंडीतले एक वृद्ध वारकरी फोन घेऊन आले आणि म्हणाले, "माउली, जरा बघता का? सगळ्या दांड्या आहेत, पण दुकानदाराला पैसे जाईनात." मी आकडा पाहिला तर उणे ७८, म्हणजे सोलापुरात माझ्या घरी असतो त्यापेक्षाही चांगला. पैसे पाठवण्याचे चक्र फिरतच राहिले आणि शेवटी मी रोख देऊन त्यांचा व्यवहार पुरा केला. त्याच वेळी त्यांच्या फोनवरून गावी केलेला कॉल मात्र लागला, आणि माझ्या फोनवर संध्याकाळपासून अडकलेले फोटो पहाटे साडेतीनला, आसपासची राहुटी निजलेली असताना, आपोआप निघून गेले. फोन, जागा, आकडा हे सगळे तेच होते, बदलले होते फक्त घड्याळ.

याच्या नेमके उलट अनुभव करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठी आला. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला आम्ही ट्रेलर घेऊन गेलो होतो. तिथे माणसे मोजकी, म्हणजे गर्दीचा प्रश्नच नव्हता. ट्रेलरच्या आत फोनवर उणे ११८ दिसत होते. दार उघडून बाहेर चार पावले गेलो तर उणे १०६ झाले, आणि शिडीवर चढून टपाच्या वर हात केला तर उणे ९८. वीस अंकांचा फरक, म्हणजे शंभरपट जोर, आणि त्यातला बराचसा गिळणारी वस्तू कोणती, तर आमच्या ट्रेलरचा पत्रा. धातूचा पत्रा रेडिओ लहरींना जवळजवळ बंद डब्यासारखा अडवतो आणि आत येते ते केवळ खिडक्यांतून. तिथे पहाटे तीनला उठूनही काही बदलले नसते, पण शिडीच्या पाच पायऱ्यांनी बदलले.

ओळखण्याची सगळी युक्ती यातच आहे: पावलांनी बदलते ती रेंज आणि वेळेने बदलते ती गर्दी. अडचण आली की आधी जागा बदलून आकडा पाहावा, मग तासाभराने त्याच जागी नेट चालते का ते पुन्हा पाहावे. यासोबत आणखी काही खुणा आहेत. रेंज कमी असेल तर आधी फोटो पाठवणे बंद पडते आणि वाचणे बराच वेळ चालू राहते, कारण टॉवर मोठ्या शक्तीने बोलतो, आपला फोन मात्र ४जीवर साधारण पाव वॉटच्याही आतल्या शक्तीने उत्तर देऊ शकतो. दांड्या फक्त टॉवरचे आपल्याला किती ऐकू येते एवढेच सांगतात, आपले टॉवरला ऐकू जाते की नाही हे सांगत नाहीत. अशा जागी फोन पूर्ण ताकद लावून ओरडत असतो, म्हणून तो खिशात गरम होतो आणि बॅटरी दुपारीच संपते. गर्दीत मात्र फोन सहसा असा तापत नाही, नुसता थांबून राहतो, आणि ४जीवरचा कॉल लागतो, कारण आवाजाला जाळ्यात डेटाच्या आधी वाट मिळते. कॉल लागतो पण नेट नाही, अशा वेळी वर कोपऱ्यात 'ई' हे अक्षर दिसत असेल तर फोन २जीवर उतरला आहे असे समजावे. ते बहुधा कमी रेंजचे लक्षण असते, गर्दीचे नव्हे.

दुखणे रेंजचे निघाले तर उपाय जवळजवळ फुकट आहेत आणि मी तेच करायला सांगतो. घरात पडून असलेला जुना ४जी फोन घ्यावा, त्यात सिम टाकून हॉटस्पॉट चालू करावा, तो प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि बांबूला बांधून ट्रेलरच्या टपापेक्षा हातभर उंच करावा. आतले फोन खिडकीतून येणाऱ्या वाय-फायवर आरामात चालतात. स्टीलचा डबा अजिबात वापरू नये, तो पत्र्याचेच काम करतो, आणि उन्हाळ्यात डब्यावर ओले फडके टाकावे, नाहीतर सोलापूरच्या उन्हात फोन दुपारी बंद पडतो. वर्षातून महिना-दीड महिना बाहेर राहणाऱ्यांनी बाहेरचा अँटेना जोडता येणारा ४जी राउटर घेतला तरी चालेल, पण अँटेनाची वायर आखूड ठेवावी. दहा मीटर बारीक वायर टाकली की अँटेनाने कमावलेले वायरच खाऊन टाकते.

बाजारात 'मोबाईल सिग्नल बूस्टर' म्हणून जे यंत्र मिळते ते मात्र घेऊ नये, आणि याबाबत मी कोणाशीही तडजोड करणार नाही. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र बाळगणे, विकणे आणि बसवणे आपल्या देशात बेकायदेशीर आहे, आणि त्यामागे खरे कारण आहे. हे यंत्र लहरीबरोबर कचराही मोठा करून टॉवरकडे फेकते, त्यामुळे टॉवरला आसपासच्या इतर फोनांचे ऐकू येईनासे होते. आपल्या ट्रेलरमधल्या एका व्हिडिओसाठी वस्तीतल्या कोणाचा १०८ ला केलेला कॉल तुटू शकतो. शिवाय गर्दीच्या दुखण्यावर ते निरुपयोगीच आहे, कारण तिथे जोर आधीच भरपूर असतो.

दुखणे गर्दीचे असेल तर उंचीचा, अँटेनाचा आणि नव्या फोनचा काहीही उपयोग नाही. तिथे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे फोनच्या रिकाम्या दुसऱ्या कप्प्यात दुसऱ्या कंपनीचे सिम. 'पण टॉवर तर एकच आहे' ही हरकत मला नेहमी ऐकू येते. खांब एक असतो, हे खरे. आपल्याकडे कंपन्या खांब भाड्याने वाटून घेतात. पण त्यावरची यंत्रे आणि पट्टे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, म्हणून एकीची रांग मोठी असताना दुसरीची छोटी असू शकते. हे दुसरे सिम वर्षभर महागड्या प्लॅनवर ठेवण्याची गरज नाही, प्रवासाच्या दिवसांपुरता छोटा प्लॅन मारावा. दोन्ही सिम एकाच कंपनीची घेऊन 'दोन सिम असूनही नेट नाही' म्हणणाऱ्यांनी आपला दुसरा रिचार्ज वायाच घालवलेला असतो. ट्रेलरमध्ये जी ज्येष्ठ मंडळी फक्त बोलण्यासाठी फोन वापरतात, त्यांना तर डेटाचा प्लॅन लागतच नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचे व्हाउचर ठेवणे बंधनकारक केले आहे आणि त्याची वैधता ३६५ दिवसांपर्यंत असू शकते.

गर्दीत आणखी एक गोष्ट जरूर करावी: फोन ५जीवर असेल तर सेटिंगमधून ४जीवर आणून पाहावा, ४जीवर असेल तर उलट, कारण दोन्हींच्या रांगा वेगळ्या असतात. सोलापूरच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर मला याचा दोनदा फायदा झाला आहे. हॉटस्पॉटला जोडलेले फोन बहुधा त्याला घरचे वाय-फाय समजून फोटोंचा साठा आणि ॲपची अद्यतने वर-खाली करू लागतात, तेव्हा प्रत्येक फोनवर त्या जोडणीला 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाची, ठरवावे. यात कोटा वाचतो आणि थोडी का होईना, सगळ्यांचीच रांग कमी होते. यात्रेला निघण्यापूर्वी नकाशे, तिकिटे आणि गरजेची कागदपत्रे फोनमध्ये उतरवून घ्यावीत आणि खिशात रोख ठेवावी.

निघण्यापूर्वी कंपन्यांच्या संकेतस्थळावरचे कव्हरेज नकाशेही पाहावेत. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार ते प्रसिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि कोणत्या मुक्कामावर कोणत्या कंपनीचे ४जी आहे हे त्यातून बऱ्यापैकी कळते. मात्र हे नकाशे फक्त लहर पोहोचते का एवढेच सांगतात, रांग किती आहे हे सांगत नाहीत. आषाढीतले पंढरपूर या नकाशावर वर्षभर जसे रंगवलेले असते तसेच दिसते.

तक्रार करतानाही हाच फरक कामी येतो. कंपनीच्या १९८ या तक्रारीच्या नंबरवर 'रेंज नाही' एवढेच सांगितले तर समोरची व्यक्ती फोन बंद करून चालू करायला सांगते आणि तक्रार मिटते. त्याऐवजी ट्रायच्या मायस्पीड ॲपवर चाचणी घ्यावी, डीबीएमचा आकडा, वेळ आणि ठिकाण लिहून ठेवावे, आणि असे सांगावे: "सायंकाळी सात वाजता वाखरीच्या तळाजवळ सिग्नल उणे ८० आहे, पण डाउनलोडचा वेग अर्धा एमबीपीएससुद्धा नाही, आणि पहाटे चारला त्याच जागी वीस मिळतो." तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि तोही त्याच कागदावर लिहावा.