पनवेलचे डेटा सेंटर, कुडाळचा विद्यार्थी

दहावीच्या निकालात कोकण विभाग बहुतेक दरवर्षी राज्यात पहिला असतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग. निकाल साधारणपणे दुपारी एक वाजता ऑनलाइन जाहीर होतो आणि त्या क्षणी राज्यभरातले पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी, शिवाय त्यांच्याहून अधीर झालेले आईवडील, मामा आणि काका, आपापल्या मोबाइलवर बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकू लागतात. एरवी वर्षभर अशा संकेतस्थळाकडे फारसे कोणी फिरकत नाही. त्या एका दुपारसाठी शेकडो सर्व्हर विकत घेऊन ठेवावेत, तर उरलेले वर्ष ते धूळ खात पडणार. न घ्यावेत, तर ऐन वेळी संकेतस्थळ कोलमडणार. गरज लागेल तेवढी यंत्रे काही मिनिटांत भाड्याने घ्यावीत, काम झाले की परत करावीत आणि वापरले तेवढ्याचेच पैसे द्यावेत, ही व्यवस्था म्हणजे क्लाउड कंप्युटिंग. पहिला क्रमांक काढणाऱ्या याच मुलांपैकी बरीच पुढे संगणकशास्त्राकडे वळतात आणि क्लाउडमध्ये करिअर करायचे म्हणतात, तेव्हा नेमके काय शिकायचे असते, हा या लेखाचा विषय आहे.

कल्पना जुनी आहे. टेलिफोन जशी सार्वजनिक सेवा आहे तशी संगणनही एक दिवस होईल, असे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात मांडले होते. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये ‘एस-थ्री’ ही साठवणुकीची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा आणली, तेव्हा ती कल्पना बाजारात उतरली. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि गुगल याच धंद्यात आले. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे निश्चित केली: ग्राहकाला कोणाला न विचारता सेवा घेता यावी, ती नेटवर्कवरून कुठूनही मिळावी, साधने अनेकांत वाटून वापरली जावीत, ती झटपट वाढवता-घटवता यावीत आणि वापर मोजला जावा. दरमहा ठरावीक भाड्याने दिलेला प्रत्येक सर्व्हर क्लाउड म्हणून विकला जातो, अशा काळात ही पाच लक्षणे पाठ असलेली बरी.

यामागची मूळ करामत आभासीकरणाची, म्हणजे व्हर्च्युअलायझेशनची. एका मोठ्या यंत्रावर अनेक छोटी यंत्रे असल्याचा भास निर्माण करायचा आणि प्रत्येकाला वाटू द्यायचे, की हे सगळे आपलेच आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी हे तंत्र सर्वांना उपलब्ध करून दिले. साध्या संगणकांवर ते नीट रुळायला नंतरची तीसेक वर्षे लागली. गिरणगावातल्या चाळींत राहिलेल्या चाकरमान्यांना याची रचना सांगणे सोपे जाते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे चाळीतली स्वतंत्र खोली: भिंती, दरवाजा, चूल, सगळे ज्याचे त्याचे. कंटेनर म्हणजे गावकीच्या खोलीतली एकेकाची ट्रंक आणि वळकटी: सामान वेगळे, पण खोली आणि मोरी सामायिक. कंटेनरमध्ये सामायिक असते ती कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) गाभ्याची प्रत, म्हणजे कर्नल. म्हणूनच कंटेनर हलके असतात, सेकंदभरात सुरू होतात आणि एका यंत्रावर कितीतरी जास्त मावतात. पण कर्नलमध्येच दोष निघाला, तर तो सगळ्यांना भोवतो. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने कंटेनर सर्वसामान्य प्रोग्रॅमरच्या हातात दिले आणि गुगलने २०१४ साली खुल्या केलेल्या ‘कुबरनेटीस’ने असे हजारो कंटेनर सांभाळण्याची सोय केली. आज नोकरीच्या जाहिरातींत ही दोन्ही नावे हमखास असतात.

मग हे क्लाउड असते कुठे? कोकणच्या माणसाला त्यासाठी फार लांब पाहावे लागत नाही. युरोप, आखात आणि आग्नेय आशियाकडून येणाऱ्या समुद्राखालच्या अनेक केबल मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, जिथे कोळीवाड्यातल्या होड्याही लागतात. तिथून खाडी ओलांडली, की ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटरे उभी आहेत आणि रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ २०२० साली ‘योट्टा’चे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली आणि गुगलने २०१७ साली मुंबईत आपापले क्लाउड विभाग, म्हणजे रिजन, सुरू केले. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवली पाहिजे असा आदेश काढला, त्यानंतर तर अशा इमारतींची गरज आणखीच वाढली.

अंतराला इथे फार महत्त्व आहे, आणि ते का, हे शाळेतल्या गणिताने कळते. केबलमधल्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मालवण ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर ३४० किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६८० किलोमीटर, म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिसेकंद. तोच सर्व्हर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात असेल, तर जाऊन-येऊन सुमारे २६,००० किलोमीटर होतात आणि प्रकाशालाच १३० मिलिसेकंद लागतात. केबलचा मार्ग वाकडातिकडा असल्याने प्रत्यक्षात आकडा २०० च्या आसपास जातो. एका पानासाठी अशा वीस फेऱ्या एकामागून एक झाल्या, की चार सेकंद गेले. मालवणच्या मोबाइल टॉवरवर जो वेळ जातो तो वेगळा, आणि बऱ्याचदा तोच सर्वांत मोठा निघतो. ज्याला हे शिकायचे आहे, त्याने घरून ‘पिंग’ ही संदेश जाऊन परत यायला लागलेला वेळ दाखवणारी साधी आज्ञा वेगवेगळ्या रिजनकडे चालवून आकडे वहीत उतरवावेत. रिजन निवडणे म्हणजे काय, ते त्या एका पानावरून समजते.

आता या विषयातल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू, कारण माझ्या मते क्लाउडचे खरे शिक्षण यंत्रे सुरू करण्यात नसून ती बंद पडतात कशी, हे समजण्यात आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ‘ओव्हीएच’ या कंपनीच्या पाच मजली डेटा सेंटरला आग लागून ते पूर्ण जळाले. ज्यांच्या माहितीची दुसरी प्रत दूरच्या गावी होती, ते वाचले. ज्यांची प्रत त्याच आवारात होती, त्यांच्यापैकी काहींचे मूळही गेले आणि प्रतही गेली. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा बाजारपेठेतल्या दुकानांनी नेमका हाच अनुभव घेतला: हिशेबाचा संगणक टेबलावर, त्याची हार्डडिस्क खालच्या खणात, आणि दोन्ही एकाच पाण्याखाली.

यावर क्लाउड कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे अव्हेलेबिलिटी झोन. बहुतेक रिजनमध्ये असे किमान दोन-तीन झोन असतात. प्रत्येकाची वीज, थंडावा आणि नेटवर्क वेगळे, आणि परस्परांतले अंतर एवढे, की एका ठिकाणची आग दुसरीकडे जाऊ नये, पण माहितीची देवाणघेवाण तत्काळ व्हावी. ॲमेझॉनच्या मुंबई रिजनमध्ये असे तीन झोन आहेत. एका इमारतीच्या आगीला हे उत्तर पुरते. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकले होते, हे ज्याला आठवते, तो तीन झोनवर भागवत नाही. तो दुसरी प्रत हैदराबादला ठेवतो, जिथे ॲमेझॉनने नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरे रिजन उघडले. कोकणात वाढलेल्या मुलाला पाऊस काय करू शकतो हे वेगळे शिकवावे लागत नाही, आणि या कामात ती समज फार उपयोगी पडते.

नैसर्गिक आपत्तीच लागते असेही नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका अभियंत्याने थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा देताना एक मूल्य चुकीचे टाइप केले. हव्या त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले आणि ‘एस-थ्री’ची व्हर्जिनियातली सेवा सुमारे चार तास ठप्प झाली. आपल्याकडे पतसंस्थेच्या खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकून आपण गुमान परत येतो. व्यवसायात मात्र त्याचे मोजमाप करारात लिहिलेले असते. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्के म्हणजे ५३ मिनिटांहूनही थोडी कमी. दशांशचिन्हापुढचा तो एक नऊ वाढवण्यासाठी किती खर्च येईल आणि तो करणे परवडेल का, हे ठरवणे हेच क्लाउड आर्किटेक्टचे काम.

शिकायला सुरुवात मात्र याहून खूप खालून करावी लागते. लिनक्स ही कार्यप्रणाली, नेटवर्क आणि पायथनसारखी प्रोग्रॅमिंगची एक भाषा, या तिन्हींवाचून क्लाउडचे शिक्षण म्हणजे बटणांच्या जागा पाठ करणे. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून त्यावर सहा महिने घालवणे कोणत्याही महागड्या क्लासपेक्षा अधिक फळते. त्यानंतर एखादे खरे काम हाती घ्यावे. हापूसच्या पेट्यांची आगाऊ मागणी नोंदवणारे छोटे संकेतस्थळ हे चांगले उदाहरण आहे, कारण त्यात सगळे येते: अर्ज, डेटाबेस, फोटोंची साठवण, पैशांचा हिशेब, आणि मार्च ते मे एवढाच हंगाम.

असा पहिला सर्व्हर सुरू केल्यावर एक गोष्ट अवश्य पाहावी. दूरवरून लॉगिन करण्यासाठी पोर्ट २२, म्हणजे सर्व्हरचा त्या क्रमांकाचा दरवाजा, साऱ्या जगाला उघडे ठेवून अर्धा-एक तास थांबावे आणि मग लॉगिनच्या नोंदींची फाइल उघडावी. ज्या सर्व्हरचा पत्ता आपण कोणालाही सांगितलेला नाही, त्यावर ‘रूट’, ‘ॲडमिन’, ‘टेस्ट’, ‘उबुंटू’ अशा नावांनी शिरण्याचे फसलेले प्रयत्न ओळीने दिसतात. ते माणसे करत नाहीत. इंटरनेटवरचे सर्व पत्ते अहोरात्र चाचपणारे प्रोग्रॅम करतात. मग ते पोर्ट फक्त आपल्या पत्त्यापुरते मर्यादित करावे आणि पुन्हा नोंदी पाहाव्यात. सुरक्षेचा हा धडा पुस्तकातून असा ठसत नाही. क्लाउड कंपनी इमारत आणि यंत्रे सांभाळते; दरवाजे कोणासाठी उघडे ठेवायचे, ही जबाबदारी ग्राहकाची. २०१९ साली अमेरिकेतल्या ‘कॅपिटल वन’ बँकेच्या सुमारे दहा कोटींहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली, ती अशाच चुकीच्या मांडणीतून.

दुसरा धडा बिलाचा. प्रत्येक मोठी कंपनी नवख्यांना मर्यादित मोफत वापर देते. गुगलचे ३०० डॉलर ९० दिवसांसाठी मिळतात. पण न वापरलेली डिस्क, विसरलेला डेटाबेस, रिकामा पत्ता यांचे मीटर चालूच राहते. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपी पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारते, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरहून थोडे अधिक, नुसता पत्ता धरून ठेवण्याचे. म्हणून खाते उघडल्यावर पहिले काम खर्चाची सूचना लावण्याचे, आणि जूनमध्ये आंब्याचा हंगाम संपला की सर्व्हर काढून टाकण्याचे. तो पुढच्या वर्षी पुन्हा तसाच उभा राहावा म्हणून सारी रचना ‘टेराफॉर्म’सारख्या साधनात लिहून ठेवतात. कंपन्यांना आता खर्च आटोक्यात ठेवणारी माणसे हवी असतात आणि त्या कामाला ‘फिनऑप्स’ असे स्वतंत्र नावही मिळाले आहे.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनची ‘क्लाउड प्रॅक्टिशनर’ परीक्षा ९० मिनिटांची, ६५ प्रश्नांची आणि १०० डॉलर शुल्काची आहे; प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. अर्ज चाळणीतून पुढे जाण्यापुरता त्याचा उपयोग आहे, त्याहून जास्त नाही. पाया पक्का करण्यासाठी ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमातला आयआयटी खरगपूरचा क्लाउड कंप्युटिंगचा अभ्यासक्रम आहे, तो पाहायला पैसे पडत नाहीत. ‘शंभर टक्के नोकरी’ असा फलक लावून पन्नास-साठ हजार घेणाऱ्यांकडे जाण्याआधी हे दोन्ही करून पाहावे.

नोकरी कुठे, या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पहिली दोन-तीन वर्षे बहुतेकांना नवी मुंबई, पुणे किंवा बेंगळुरू गाठावे लागते, कारण सपोर्ट आणि ऑपरेशन्सचे काम अनुभवी माणसाच्या शेजारी बसूनच अंगवळणी पडते. पुढे घरून काम मिळू शकते, पण ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाला की कधीही हाकेला हजर राहण्याची, पाळी असेल, तर मृगाच्या पहिल्या पावसात गेलेली वीज ही सबब चालत नाही. इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची जोडणी हा पगारातलाच खर्च धरावा. आणखी एक वाट आहे, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ऐरोली-महाप्याच्या त्या इमारतींत यूपीएस, डिझेल जनरेटर आणि चिलर चोवीस तास चालवणारे तंत्रज्ञ लागतात. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेल्या मुलासाठी क्लाउडचे दार तिथूनही उघडते, आणि कोड लिहिणाऱ्या मुलाइतकेच त्याचे काम खरे आहे.

मुलाखतीत बहुधा एक प्रश्न येतो: ‘तुमचे संकेतस्थळ उघडत नाही. आधी काय पाहाल?’ प्रमाणपत्रासाठी घोकंपट्टी केलेला उमेदवार लगेच सेवांची नावे घेऊ लागतो. ज्याने आंब्याचे संकेतस्थळ स्वतः चालवले आहे, तो विचारतो, की सगळ्यांनाच उघडत नाही की फक्त मला? मग नावाचे आयपी पत्त्यात रूपांतर होते का ते पाहतो, पोर्ट उघडे आहे का ते पाहतो, सर्व्हरवर शिरून प्रोग्रॅम जिवंत आहे का ते तपासतो, आणि शेवटी डिस्कमध्ये जागा किती उरली ते विचारतो. पुष्कळदा डिस्क भरलेली असते, आणि ती भरलेली असते कोणी कधीच न वाचलेल्या नोंदींच्या फाइलींनी.